ठसका

या वर्षीच्या अंकाचा विषय ‘स्थलांतर’ आहे असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हाच मला कळलं की निम्मे लेख दोन सुटकेसपासून सुरू होणार. माझ्याकडेही तशी गोष्ट आहे. पण ती मुलांनी इतक्यांदा ऐकलीय की आता मी ‘आम्ही जेव्हा आलो’ एवढं म्हटलं की पुढचं वाक्य तीच म्हणतात. म्हणून मी दुसऱ्याच एका स्थलांतराबद्दल लिहायचं ठरवलं. ते साधारण ३७ कोटी वर्षांपूर्वीचं आहे, त्यात सुटकेस नाही, आणि त्याची एक खूण तुमच्या-माझ्या प्रत्येकाच्या घशात आहे. ती खूण मी एक्स-रेच्या पडद्यावर हलताना पाहिली आहे. घसा माझ्या वडिलांचा होता.

आधी एक चित्र आठवा. आपण सगळ्यांनीच ते कुठे ना कुठे पाहिलेलं आहे. एक मासा डबक्यातून काठावर येतोय, पुढच्या चित्रात त्याला चार पाय, मग बेडूक, सरडा, माकड आणि शेवटी माणूस, सगळे एका रांगेत एकाच दिशेला तोंड करून, एस.टी.च्या तिकिटासाठी उभे असल्यासारखे. त्याखालची गोष्टही ठरलेली. पाणी आटलं, माशाला जमिनीवर यावं लागलं, मग त्याला पाय फुटले. गरज पडली म्हणून पाय आले. ऐकायला सोपं आहे, आणि ‘गरज ही शोधाची जननी’ वगैरे निबंधात शोभूनही दिसतं. अडचण एवढीच की खडकांत जे सापडलं आहे त्याचा क्रम उलटा आहे.

मला हे कळलं ते मुलामुळे. २०१६ च्या उन्हाळ्यात आई-बाबा आमच्याकडे फिलाडेल्फियाला आले होते. नायगारा झाला, वॉशिंग्टन झालं, न्यू जर्सीतलं देऊळ झालं. आमचे चिरंजीव तेव्हा पाचवीत होते आणि त्यांना जीवाश्मांचं वेड लागलेलं होतं. आता आजोबांना ‘रेड हिल’ दाखवायचंच, असा त्याने हट्ट धरला. बाबा एस.टी.च्या पेण डेपोत मेकॅनिक होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या प्रवासाची सोय केली आणि स्वतः फारसे कुठे गेले नाहीत, त्यामुळे गाडीत बसायचं म्हटलं की ते कुठेही तयार. आई म्हणाली, डोंगर बघायला अमेरिकेत कशाला यायला हवं होतं. तरी तिने डब्यात दशम्या भरल्या.

रेड हिल म्हणजे पेनसिल्व्हेनियाच्या मधल्या भागात, क्लिंटन काउंटीत, हायनर नावाच्या छोट्या वस्तीजवळची एक दरड. एका बाजूला सस्क्वेहाना नदीचा पश्चिम फाटा, दुसऱ्या बाजूला १२० नंबरच्या रस्त्यासाठी कापलेला डोंगर. आमच्याकडून साडेतीन-चार तास. पाटी, तिकीट, कॉफीचं दुकान असलं काही नाही. बाबा उतरले, दरडीला हात लावला आणि म्हणाले, “गंज आहे हा.” त्यांचं बरोबर होतं. दगड लाल आहे तो त्यातल्या लोहाला गंज चढला म्हणून. तो गंज ३६ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे डेव्होनियन कालखंडाच्या शेवटाकडचा. तेव्हा ही जमीन विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती. हिवाळ्यात जिथे आपण फावड्याने बर्फ उपसतो, तिथे तेव्हा उबदार नद्या होत्या, पाण्याचा ऋतू आणि कोरडा ऋतू होता. आपल्या खाडीपट्ट्याशी याचं जास्त जमलं असतं. काठावर पहिल्यावहिल्या झाडांची जंगलं होती, त्यांचा पालापाचोळा पाण्यात पडत होता आणि त्या गढूळ, उथळ, काडीकचऱ्याच्या पाण्यात हायनेरिया नावाचा दहा-बारा फुटी मासा शिकार करत होता.

इथेच १९९३ मध्ये आमच्या शहरातल्या ‘अकॅडमी ऑफ नॅचरल सायन्सेस’चे टेड डेशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक खांद्याचं हाड सापडलं. माशाला खांदा असतो, पण तो कवटीला जखडलेला असतो; म्हणून माशाला मान नसते. हे हाड सुटं होतं आणि त्यावर दणकट स्नायू धरायला जागा होती. म्हणजे तो चार पायांचा प्राणी होता. त्याचं नाव गावावरून हायनरपेटॉन ठेवलं. डेशलर इथपर्यंत पोचले ते कसे, हे बाबांना फार आवडलं. पेनसिल्व्हेनिया सगळा झाडीने झाकलेला, उघडा खडक दिसतो तो फक्त जिथे रस्त्यासाठी डोंगर कापलाय तिथे. त्यामुळे हा शास्त्रज्ञ रस्ते खात्याच्या मागोमाग फिरत होता. “बघ,” बाबा नातवाला म्हणाले, “रस्ता खातं नसतं तर तुमचं विज्ञान नसतं.”

डेशलर आणि शिकागोचे नील शुबिन यांना यापेक्षा जुना प्राणी हवा होता, मासा आणि चतुष्पाद यांच्या मधला. भूगर्भशास्त्राच्या कॉलेजच्या एका पाठ्यपुस्तकातल्या नकाशाने त्यांना वाट दाखवली. हव्या त्या वयाचे, गोड्या पाण्यातले खडक तीन ठिकाणी दिसत होते: पूर्व ग्रीनलँड, पूर्व अमेरिका आणि कॅनडाचा उत्तर ध्रुवाजवळचा टापू. पहिल्या दोन ठिकाणी आधीच खोदकाम झालेलं होतं. १९९९ पासून ते तिसऱ्या ठिकाणी जाऊ लागले. चौथ्या मोहिमेत, २००४ मध्ये, एल्समीअर बेटावर एका दगडातून चपटं नाक बाहेर डोकावताना दिसलं. २००६ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. नुनावूतमधल्या इनुइट ज्येष्ठांना नाव सुचवायला सांगितलं होतं. त्यांनी ‘टिकटालिक’ म्हटलं, म्हणजे गोड्या पाण्यातला मोठा मासा. मला हे नाव आवडतं, कारण त्यात बढाई नाही. मूळ जीवाश्म आता कॅनडाला परत गेले आहेत. आमच्या मुलाने म्युझियममध्ये पाहिली ती त्याची प्रतिकृती.

टिकटालिक ३७.५ कोटी वर्षांपूर्वीचा. अंगावर खवले, परांना काट्यांची झालर, कल्लेही होतेच. इथपर्यंत मासाच. पण डोकं मगरीसारखं चपटं, डोळे वर टाळूकडे, आणि मान सुटी. शरीर न वळवता डोकं वळवू शकणारा मासा. परात आत पाहिलं तर दंडाचं एक हाड, त्यापुढे दोन हाडं, त्यापुढे मनगटासारखी छोटी हाडं. उथळ पाण्यात तळाला पर टेकून तो छाती उचलू शकत असणार. पोराने आजोबांना गाडीत हे करून दाखवलं. बाबा म्हणाले, “मग जोर मारत होता म्हण की.” त्यांनी तरुणपणी तालमीत जोर-बैठका काढल्या होत्या, त्यामुळे आमच्या घरात टिकटालिक त्या दिवसापासून ‘जोर काढणारा मासा’ झाला.

परंतु खरी उलथापालथ केली ती ग्रीनलँडच्या प्राण्यांनी, आणि तिचं श्रेय बरंचसं केंब्रिजच्या जेनी क्लॅक या बाईंचं आहे. ग्रीनलँडमध्ये स्वीडिश शास्त्रज्ञांना इक्थिओस्टेगा नावाचा प्राणी १९३० च्या दशकातच मिळालेला होता आणि त्याला, अर्थातच, पाच बोटं काढलेली होती. आपल्याला पाच, तर आपल्या पूर्वजाला पाच. क्लॅकबाईंना आपल्याच विद्यापीठात १९७० सालच्या एका विद्यार्थ्याच्या नोंदी आणि त्याने आणून ठेवलेले दगड मिळाले. त्या धाग्यावरून त्या १९८७ मध्ये ग्रीनलँडला गेल्या आणि अ‍ॅकँथोस्टेगाचे सुरेख सांगाडे घेऊन आल्या. दगड कोरून हात मोकळा केला तेव्हा त्याला आठ बोटं निघाली. मग इक्थिओस्टेगाचा पाय नीट पाहिला, तर सात. रशियातल्या टुलरपेटॉनला सहा. ‘पाच’ हा आकडा कुणी वरून ठरवून दिलेला नव्हता. बरेच प्रयोग झाले, त्यातला एक टिकला.

आठ बोटांपेक्षाही मोठी गोष्ट वेगळीच होती. अ‍ॅकँथोस्टेगाला हात-पाय होते, बोटं होती, आणि तरीही तो पाण्यातलाच प्राणी होता. माशासारखे कल्ले, माशासारखी परांची शेपटी, आणि मनगट-घोटा असे की जमिनीवर अंगाचा भार पेलणार नाही. हे पाय चालण्यासाठी नव्हते. पाणवनस्पतींच्या गचपणात, काडीकचऱ्यात धरून राहायला, तळावरून अंग रेटायला ते कामी येत असणार. म्हणजे आधी पाय आले, तेही पाण्यात, पाण्यासाठी. जमीन पुष्कळ नंतर.

फुप्फुसाचंही तेच. गढूळ कोमट पाण्यात प्राणवायू कमी, म्हणून पुष्कळशा प्राचीन माशांना कल्ल्यांबरोबर फुप्फुसंही होती. वर येऊन हवेचा घोट घ्यायचा आणि खाली जायचं. डार्विनला वाटलं होतं की माशांच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून फुप्फुस झालं. आज उलट मानतात: फुप्फुस जुनं, आणि पापलेट-सुरमईच्या घराण्याने पुढे त्याची तरंगायची पिशवी करून टाकली. (ज्यांच्या पूर्वजांकडे फुप्फुस होतं तेच आपण तळून खातो, असं पोराने जेवताना सांगितलं. आईने त्याला वाटीभर सोलकढी देऊन गप्प केलं.)

एक सांगायला हवं, नाहीतर मीही एक रांगच काढली असं होईल. पोलंडमध्ये झाखेउम्ये इथल्या खाणीत चार पायांच्या प्राण्यांचे ठसे मिळाले आहेत. ते २०१० मध्ये प्रसिद्ध झाले आणि ते टिकटालिकपेक्षा दीड-दोन कोटी वर्षांनी जुने आहेत. म्हणजे टिकटालिक आपला खापरपणजोबा नव्हे, घराण्यातला एक चुलता. त्याचे भाऊबंद आधीच कुठेतरी चिखलात पाय उमटवत होते. घराणी अशीच असतात. कुणी आधी निघतं, कुणी मागे राहतं, आणि फोटो मात्र मागे राहिलेल्याचाच सापडतो.

परतताना नवरा म्हणाला, “म्हणजे आपल्यासारखंच. दोन वर्षांसाठी आलो आणि राहिलो.” हे वाक्य मंडळाच्या कार्यक्रमात टाळी घेईल, मला ठाऊक आहे. पण मला ते पटत नाही. माशाच्या मागे रविवारी फोनची वाट बघणारं कुणी नव्हतं.

बाबांनी दुसराच विषय काढला. मत्स्य, कूर्म, वराह. आपल्या दशावतारात हे सगळं आधीच सांगितलंय, असं त्यांच्या डेपोतले एक साहेब म्हणायचे. तुम्हीही ऐकलं असेल. मंडळात दर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी यावर बोलतंच. मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात बाबा स्वतःच म्हणाले, “पण देव मासा झाला तो मनूची नाव ओढायला. जमिनीवर यायला नव्हे. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी बऱ्या आहेत.” यावर मला आजपर्यंत यापेक्षा चांगलं उत्तर सुचलेलं नाही.

त्यानंतर आई गेली. २०२२ मध्ये बाबा एकटे आमच्याकडे आले आणि तिसऱ्या आठवड्यात, सकाळी चहा घेताना, त्यांच्या हातून कप सुटला. स्ट्रोक होता. हॉस्पिटल आणि व्हिजिटर इन्शुरन्स या दोन विषयांवर या अंकाच्या वाचकांना मी काही सांगावं अशी स्थिती नाही, तेव्हा ते सोडून देते. उजवा हात महिन्याभरात बराच सुधारला. घसा सुधारला नाही.

आपल्याकडे कुणाला ठसका लागला की आपण पाठीवर थापटतो आणि म्हणतो, वर बघ, वर बघ. ठसका लागला म्हणजे काहीतरी बिघडलं असं आपण समजतो. मी त्या महिन्यात शिकले ती गोष्ट वेगळी: बाबांना ठसका लागत नव्हता, हीच काळजीची बाब होती. गिळण्याची तपासणी करतात ती चालू एक्स-रेवर. बेरियम मिसळलेलं पाणी, मग तेच जरा दाट, मग मधासारखं, मग खिमट, एकेक घोट देतात आणि पडद्यावर तो काळा घोट उतरताना दिसतो. थेरपिस्ट पंचविशीतली मुलगी होती. तिने मला काचेमागे उभं केलं. बाबांची कवटी, मणके, आणि जिभेच्या मुळाशी घोड्याच्या नालेसारखं एक छोटं हाड. गिळताना ते हाड वर आणि पुढे उचललं जायला हवं. त्याबरोबर स्वरयंत्र वर येतं, त्याचं झाकण पडतं, दोन्ही स्वररज्जू मिटतात, साधारण सेकंदभर श्वास थांबतो, आणि घोट मागच्या नळीत जातो. बाबांचं ते हाड उशिरा उचललं जात होतं. तोवर पाण्याची एक बारीक काळी रेघ श्वासनलिकेत उतरली. बाबा शांत बसलेले. खोकला नाही, काही नाही. मग तिने मधासारखं दाट दिलं, ते नीट गेलं.

ते हाड, स्वरयंत्राच्या कूर्चा आणि त्यांना हलवणाऱ्या नसा हे सगळं माशाच्या कल्ल्यांच्या कमानींपासून आलेलं आहे. मी ते वाचलेलं होतं. पडद्यावर पाहिलं तेव्हा मला वाटलं की मासा काही फारसा लांब गेलेला नाही.

घरी आलो. पाण्यात पावडर घालून ते दाट करायचं, चहासुद्धा. ज्या माणसाने पन्नास वर्षं पितळी तांब्या तोंडाला न लावता वरून पाणी घटाघटा प्यायलं, त्याला चमच्याने पाणी भरवायचं. तीन दिवस ते काही बोलले नाहीत. चौथ्या दिवशी पेला बाजूला सारून म्हणाले, “हे कुणी केलं असं? हवेची लाइन आणि डिझेलची लाइन एकमेकांतून कोण काढतं? शिकाऊ पोरगासुद्धा असं करायचा नाही.”

मेकॅनिकचा प्रश्न होता, आणि त्याला उत्तर आहे. मी त्यांच्या जुन्या पंचांगाच्या पाठीवर चित्र काढलं. मासा आडवा. फुप्फुस निघालं ते घशाच्या तळातून, खालच्या बाजूला फुगलेल्या पिशवीसारखं. पाण्यात ते जोडीला होतं, हवा तोंडानेच गिळायची, तेव्हा खाली असलं काय नि वर असलं काय. पाणी आत शिरू नये म्हणून तोंडाशी एक झडप. आपलं स्वरयंत्र मुळात ती झडप आहे. बोलणं, भांडणं, अभंग हे सगळं नंतर तिच्यावर बसवलेलं. नाकपुड्या मात्र वरच्या बाजूला, फक्त वासासाठी. माशाला दर बाजूला दोन भोकं, एकातून पाणी आत, दुसऱ्यातून बाहेर, तोंडाशी संबंध नाही. पुढे त्यातलं एक भोक सरकत सरकत तोंडाच्या आत आलं. चीनमध्ये युनानला केनिक्थिस नावाचा ३९.५ कोटी वर्षांपूर्वीचा मासा मिळालाय, त्याचं हे भोक अगदी वरच्या जबड्याच्या कडेवर, दातांच्या ओळीत अडकलेलं आहे. अर्ध्या वाटेवर. आत पोचल्यावर तोंड मिटून नाकाने हवा घेता येऊ लागली. पण आता हवा येणार वरून आणि जाणार खालच्या नळीत. अन्न त्यांच्या मधून मागे जाणार. फाटक नसलेलं क्रॉसिंग. माणसात तर स्वरयंत्र गळ्यात आणखी खाली असल्याने क्रॉसिंग जास्तच लांब. झुरळाला ठसका लागत नाही, कारण त्याची हवेची भोकं अंगाच्या कडेला, तोंडापासून वेगळी. त्याचं घराणं पाण्याबाहेर आलं ते निराळ्या वाटेने.

बाबांनी चित्र बराच वेळ पाहिलं. “म्हणजे चासी जुनी,” ते म्हणाले. “बॉडी वर चढवत गेले.”

“हो. आणि मध्ये कधी गाडी थांबवता आली नाही. प्रत्येक पिढीला जगायचं होतं, खायचं होतं, श्वास घ्यायचा होता. सगळं उतरवून लाइन नव्याने टाकायची सोय नव्हती.”

“डेपोत उभी केलीच नाही कधी.” ते हसले. आजारानंतर प्रथमच. “रनिंगमधली दुरुस्ती. मग अशीच होणार.” आणि पेला ओढून त्यांनी ते दाट पाणी प्यायलं. तोंड वाकडं केलं, पण प्यायलं.

मी उत्क्रांतीबद्दल बरीच पुस्तकं वाचली आहेत. ‘डेपोत उभी केलीच नाही कधी’ यापेक्षा नेमकं कुठे वाचलेलं आठवत नाही. शाळेच्या चित्रातला मासा कुठेतरी निघाल्यासारखा दिसतो. त्याला काठ दिसतोय, त्याच्या मनात काहीतरी आहे. खडकांतल्या माशाच्या मनात काही नाही. तो उथळ पाण्यात चांगला जगावा म्हणून जे जे टिकलं, ते पुढे कुणाला तरी जमिनीवर कामी आलं, आणि जिथे बसत नव्हतं तिथे तसंच राहिलं. अ‍ॅकँथोस्टेगाला त्याचं काही भोगावं लागलं नसेल. भोगलं बाबांनी.

थेरपिस्टने त्यांना एक युक्ती शिकवली. घोट तोंडात घ्यायचा, हनुवटी छातीकडे ओढायची आणि मग गिळायचं. तसं केलं की बाबांच्या श्वासनलिकेचं तोंड अरुंद होत होतं आणि घोट मागे जात होता. हे तिने पडद्यावर तपासून घेतलं होतं. ही युक्ती प्रत्येकालाच लागू पडते असं नाही, हेही तिने बजावलं. बाबांना गंमत वाटली की जन्मभर ‘वर बघ’ ऐकलं आणि म्हातारपणी कुणी ‘खाली बघ’ सांगतंय. चिरंजीव आता हायस्कूलमध्ये होते. ते म्हणाले, “आबा, मान टिकटालिकने दिली. माशाला हे जमलं नसतं.” रोज सकाळ-संध्याकाळ अर्धा तास व्यायाम: जीभ टाळूला दाबायची, आवाज चढवायचा, गिळून धरायचं. बाबा त्याला ‘घशाचे जोर’ म्हणत. चार महिन्यांनी पुन्हा एक्स-रे झाला. ते हाड वेळेवर उचललं जाऊ लागलं होतं, पुरतं नाही, पण पुष्कळ. पातळ पाणी हनुवटी खाली घेऊन, छोट्या घोटांनी, चालेल असं ठरलं. आणि पाणी चुकलं तर आता ठसका लागत होता. पहिल्यांदा लागला तेव्हा स्वयंपाकघरात आम्ही तिघं एकमेकांकडे बघून हसलो. घरात पाहुणे होते, त्यांना वाटलं या लोकांचं काहीतरी बिघडलंय.

त्यांनी परत जायचं ठरवलं. मी नको म्हटलं, भावाने नको म्हटलं. ते म्हणाले, मला तिथे निवटे बघायचेत.

निवटे सगळ्यांना माहीत नसतील. पेण-अलिबागच्या खारेपाटात, ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडला की त्यावर बोटाएवढे, वीतभर मासे उड्या मारत फिरतात. डोळे डोक्यावर, पुढचे पर कोपरासारखे टेकून सरकतात, ओल्या कातडीने आणि तोंडाच्या अस्तराने श्वास घेतात. लहानपणी बाबा खांद्यापर्यंत हात बिळात घालून ते काढायचे आणि आजी चिंच घालून कालवण करायची. दिसायला अगदी टिकटालिकची आठवण यावी असे. तरी ते आपले पूर्वज नव्हेत, सख्खे भाऊबंदही नव्हेत. ते पापलेट-सुरमईच्या घराण्यातले. आपला मार्ग झाल्यावर कितीतरी कोटी वर्षांनी त्यांनी आपल्या वेगळ्या शरीरानिशी चिखलावर यायला सुरुवात केली. चार पायांचे प्राणी नावापुरतेही न होता, मासा राहूनच.

आता बाबा पेणलाच आहेत. चुलतभाऊ त्यांना संध्याकाळी बाइकवर खाडीच्या बांधापर्यंत नेतो. मागच्या महिन्यात मी त्यांना फोनवर अँटवर्प विद्यापीठातल्या संशोधकांचं २०१५ सालचं एक काम सांगितलं. मासा पाण्यात घास ओढतो तो पाण्याच्या प्रवाहाबरोबर. जमिनीवर प्रवाह नाही आणि माशाला आपल्यासारखी जीभ नाही, मग गिळायचं कसं? अटलांटिककडच्या निवट्याचं हळू गतीचं चित्रण त्यांनी केलं. तो तोंडात पाणी भरून घेऊन येतो. घासाशी आला की ते पाणी ओठांपर्यंत पुढे काढतो आणि घासासकट परत आत ओढतो. पाण्याचीच जीभ करतो.

फोनवर थोडा वेळ नुसता वारा ऐकू येत होता. बाबा बांधावरच होते.

“म्हणजे पाणी घेऊनच वर येतो तो,” ते म्हणाले. “थांब, एक इथे जवळच आहे. बघतो.”